लुगड्यापलीकडची मावशी

भर मांडवात, पाहुण्यांसमोर आणि तिच्या सगळ्या शेजाऱ्यांसमोर मी एका म्हाताऱ्या बाईला भ्रमिष्ट ठरवलं. ती बोलत होती ते खरं होतं, आणि ते खरं आहे हे त्या मांडवात फक्त मला ठाऊक होतं. एवढं आधी सांगून टाकतो. पुढे मी तिची पुष्कळ थट्टा करणार आहे, आणि थट्टा करणारा माणूस सज्जन असेल असं कोणाला वाटायला नको.

आम्ही तिला मावशी म्हणायचो. ती आमची कोणी नव्हती. रायपूरच्या बूढापाऱ्यात, तलावाच्या मागच्या गल्लीत एक बाडा होता. मधे अंगण, दोन्ही बाजूंना खोल्यांच्या रांगा, वर कवेलूंचं, म्हणजे कौलांचं छप्पर, अंगणात सगळ्यांचा मिळून एक नळ. हमाल, रिक्षावाले, बांधकामावर जाणाऱ्या बाया, हॉटेलातले आचारी, असे सगळे तिथे राहायचे. राहायचे म्हणजे रात्री आडवे व्हायचे. दिवसा खाटा भिंतीला उभ्या केल्याशिवाय चूल पेटवता येत नसे आणि उन्हाळ्यात अख्खा बाडा अंगणात झोपे. खोल्यांना खिडक्या नव्हत्या. खिडकीचं काम दार करायचं, आणि दाराचं काम तिन्हीसांजेनंतर पोत्याचा पडदा.

त्यातली एक खोली मावशीची. मालकीची नव्हे, भाड्याची. पण तोरा मालकिणीचा. त्या खोलीतली अर्धी तिनं आम्हाला पोटभाड्यानं दिली होती. माझे वडील भंडाऱ्याकडून आलेले. राइस मिलमध्ये पोती शिवायचे आणि शिवून झाली की तीच पाठीवर घेऊन ट्रकमध्ये चढवायचे. आता मी ऑफिसात सांगतो, वडील धान्याच्या व्यवसायात होते. हे खोटं नाही. शहरातलं बरंचसं धान्य त्यांच्या पाठीवरूनच गेलं.

खोलीच्या मधोमध दोरी, दोरीवर मावशीचं जुनं हिरवं लुगडं. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला मावशी, तिची लोखंडी पेटी, तिचे देव आणि पान कुटायचा खलबत्ता. दार एकच होतं, पण दोन फळ्यांचं. दोरी बरोबर दाराच्या मध्यावर बांधलेली, म्हणजे उजवी फळी तिची आणि डावी आमची.

आता मावशीचा कायदा सांगतो. लुगडं ही भिंत आहे, आणि भिंतीपलीकडचं ऐकू येत नसतं. आमच्या बाजूचं काहीही तिला ऐकू यायचं नाही, तिच्या बाजूचं आम्हाला ऐकू येता कामा नये. कोणाला कोणाशी बोलायचं असेल तर त्यानं उठावं, आपल्या फळीतून अंगणात जावं, पायात चप्पल घालावी, समोरच्याच्या फळीवर थाप मारावी आणि रीतसर घरी यावं.

आईला चिमूटभर मीठ हवं असलं तरी हे सगळं करावं लागे. ती थाप मारी. आतून आवाज, "कोन व्हय?"

"पलीकडची."

"ये न बाई! किती दिवसानं आलीस! घरचे बरे आहेत न?"

आताआतापर्यंत दोघी एकमेकींपासून हातभर अंतरावर, पाठीला पाठ लावून तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या. आई सांगे, पोराला ताप आहे. मी आदल्या संध्याकाळपासून कण्हत असे, आणि ते नळावरच्या बायांनासुद्धा ऐकू गेलेलं असे. मावशी कपाळाला हात लावी. "अग्गो बाई, मले तं पत्ताच नाही! काहून नाही सांगितलं?" आणि मागे वळून भुशाच्या शेगडीवरचं भांडं उतरवी. त्यात काढा असे. उकळून, गाळून, पिण्याजोगा होऊन तयार.

हा कायदा तिनं केला होता, त्यामुळे पळवाटही तिच्याकडेच होती. ती आमच्याशी बोलत नसे, पण देवाशी बोले, आणि देवाला बहुधा कमी ऐकू येत असावं. वडील आईवर ओरडले की लुगड्यापलीकडून घंटी वाजे. "देवा, ज्या घरी माणूस पगाराच्या दिवशी बायकोवर खेकसते, तिथं लक्ष्मी काय झक मारायले येते?" वडिलांचा चेहरा लाल होई. पण उत्तर देणार कसं? त्यांना ऐकूच आलं नव्हतं.

"हिच्या देवाले एक दिवस तलावात फेकतो," वडील दात आवळून आईला म्हणत.

घंटी पुन्हा वाजे. "देवा, तुले पोहता येते न?"

ती लबाड होती, हेही सांगतो. दिवाळीच्या आधी बाड्यात सगळे भिंतींना छुही लावत. छुही म्हणजे तिकडची पांढरी माती, चुन्यापेक्षा स्वस्त आणि डोळ्यांना गार. त्या दिवशी दोरी उतरायची. संध्याकाळी ती पुन्हा बांधली जाई तेव्हा खिळा आमच्याकडे थोडा सरकलेला असे. वडील म्हणत, "जाऊ दे, चार बोटं." आई म्हणे, "त्या चार बोटांत पोट्ट्याचे पाय झोपतात." दुसऱ्या दिवशी मावशी मिलमध्ये कोंडा चाळायला गेली की आई खिळा होता तिथे ठोकून ठेवी. मावशी संध्याकाळी खिळ्याकडे बघे, आईकडे बघे, आणि पान कुटायला बसे. असं दरवर्षी. देशांच्या सीमांवर काय चालतं ते मला पुढे वर्तमानपत्रातून कळलं, पण नवीन काही वाटलं नाही.

मालकाचा माणूस महिन्याला भाडं घ्यायला यायचा. पोटभाडेकरू ठेवायला बंदी होती, म्हणून तो आला की लुगडं गुंडाळलं जाई आणि आई मावशीची बहीण होई. "गरीब आहे बिचारी," मावशी पदर डोळ्यांना लावून म्हणे, "नवरा काही कामाचा नाही. कुठं जाईल?" नवरा तिथेच उभा असे. तो माणूस मान हलवून जाई. त्याला सगळं ठाऊक होतं. बाड्यात जवळजवळ प्रत्येक खोलीत एक गरीब बहीण होती.

माझ्या बहिणीचा जन्म त्याच खोलीत झाला. भर दुपार होती, वडील मिलमध्ये. आईला कळा सुरू झाल्या आणि तिनं माझा हात असा धरला की मी ओरडलो. मी लुगड्याला तोंड लावून मावशीला हाक मारली. उत्तर नाही. लुगडं जमिनीपर्यंत पोचत नसे, त्यामुळे मला तिचे पाय दिसत होते. ती लुगड्याला लागून उभी होती. चोळीच्या बाह्या सावरताना तिच्या बांगड्या वाजत होत्या. शेगडीवर पाणी खदखदत होतं. पण ती अलीकडे येईना. मी रडलो, लुगडं ओढलं, शिव्या दिल्या. शेवटी बाहेर धावलो आणि उजव्या फळीवर दोन्ही हातांनी बुक्क्या मारल्या.

"कोन व्हय?"

"पलीकडचा!"

माझा शब्द पुरा व्हायच्या आत ती गरम पाण्याचं भांडं घेऊन मला ढकलून आमच्या बाजूला गेलीही होती. "बाहेर थांब," ती म्हणाली. "अन् रडू नको, सगळ्या बाड्याले ऐकू जाते."

या एका गोष्टीसाठी मी तिचा कितीतरी वर्षं राग केला. तेवढ्या वेळात आईला काही झालं असतं तर? हा प्रश्न मी तिला कधी विचारला नाही, आणि तिला त्याचं उत्तर देता आलं असतं असं वाटत नाही. एकदा मात्र आईनं तिला, अर्थात रीतसर घरी जाऊन, विचारलं होतं की एवढं सोवळं कशाला. मावशी म्हणाली, "इथं यायच्या आधी मी मिलच्या शेडमधी राहत होती. आम्ही सगळ्या बाया एका ओळीत झोपत होतो, मधात काहीच नाही. एखादी रडली का बाकीच्या उठून बसत. काहून रडतेस, काय झालं, कोन मेलं. घरच्या आठवणीनं रडावं तं त्याचीही पंचाईत. तवाच ठरवलं, आपली खोली झाली का तिथं रडणाऱ्याले रडू द्यायचं."

आमच्या ऑफिसात अलीकडे गरिबांच्या घरांमधल्या खासगीपणावर दिवसभराचं चर्चासत्र झालं. जेवण चांगलं होतं.

वडिलांना पुढे मिलमध्येच चौकीदारीचं काम आणि फाटकाजवळ पूर्ण एक खोली मिळाली. बाडा सुटला. मी शिकलो, इंजिनिअर झालो, घरं बांधणाऱ्या सरकारी ऑफिसात लागलो. आई-वडील गेल्यावर बाडा माझ्या बोलण्यातून इतका साफ निघून गेला की कधीकधी मलाच वाटे, मी नागपूरच्या एखाद्या सिमेंटच्या घरात जन्मलो असेन. बायकोलासुद्धा मी बूढापाऱ्यात 'काही दिवस भाड्यानं' राहिल्याचं सांगितलं होतं.

मग गेल्या हिवाळ्यात ते प्रदर्शन आलं.

अभनपूर रोडला आमच्या नव्या इमारती उभ्या राहिल्या होत्या. जुन्या बस्त्यांमधली कुटुंबं तिथे नेली होती आणि वरून मोठे साहेब पाहणीला येणार होते. मांडवात शेजारी शेजारी दोन खोल्या उभारायच्या ठरल्या, 'काल' आणि 'आज'. 'काल'चं काम माझ्याकडे आलं. मी ते असं केलं की ऑफिस थक्क झालं. प्लायवूडच्या भिंती, वर खरे कवेलू, दोन फळ्यांचं दार, भुशाची शेगडी. हाताखालचा मुलगा म्हणाला, "सर, इतनी रिसर्च?"

"थोडा पढ़ना पड़ता है," मी म्हणालो.

फक्त खोली फार स्वच्छ दिसत होती. बाड्यातल्या खोल्या तशाच असायच्या. जागा कमी असली की माणूस ती पुसतच राहतो. पण 'काल' असा लखलखीत असला तर 'आज'कडे कोण बघणार? म्हणून मी भिंतींना काजळी फासली, फाटक्या गोधडीवर चहा सांडला, कोपऱ्यात फुटका माठ ठेवला. लुगडं मात्र लावलं नाही. ते सुचलं नाही असं नाही. हात गेला नाही.

नव्या इमारतींतल्या लोकांना बसनं आणलं होतं. फोटोसाठी 'काल'मध्ये एखादी वयस्कर लाभार्थी बसवावी असं कोणाच्या तरी डोक्यात आलं, आणि त्यांनी बसमधली सगळ्यात म्हातारी बाई निवडली. मोठ्या साहेबांना घेऊन मी 'काल'च्या दारात पोचलो, तेव्हा आत मावशी होती.

ती बसली नव्हती. पदराचं टोक ओलं करून ती भिंतीवरची काजळी पुसत होती.

"हे कोणाचं घर व्हय?" ती फोटोवाल्यावर खेकसत होती. "इतकी घाण! छुही नाही मिळाली का तुमाले? अन् हे गोधडं कुत्रं तरी घेईल का अंगावर?" फुटका माठ तिनं आधीच दाराबाहेर ठेवला होता. मग तिची नजर मधल्या रिकाम्या जागेवर गेली. "अन् परदा कुठाय?"

कोणाला काही कळायच्या आत तिनं मांडवाच्या सजावटीचं एक हिरवं कापड ओढून काढलं आणि ते दाराच्या मध्यापासून मागच्या भिंतीपर्यंत धरून बघू लागली. त्याच वेळी तिनं मला पाहिलं. चेहरा उजळला.

"काहून रे पोट्ट्या! तूच बनवलं का हे? अरे, तुमच्या अर्ध्यात शेगडी नव्हती, शेगडी माझ्या बाजूले होती! विसरला का? अन् खिळा इथं नाही, इथं." तिनं खिळ्याची जागा दाखवली. आमच्याकडे चार बोटं सरकवून.

तिचे शेजारी मागे उभे होते. नंतर मला कळलं की चाव्या वाटताना तिनं मला दुरून पाहिलं होतं, आणि नव्या इमारतीत ती त्या पहिल्या दिवसापासून सांगत होती, घरं वाटणारा साहेब माझ्या खोलीत वाढला. बाया तिला छत्तीसगढीत चिडवायच्या, "हव, हव, मावशी, तोर साहेब!" हो, हो, तुझा साहेब. आज साहेब समोर होता. सगळे माझ्याकडे बघत होते.

मोठ्या साहेबांनी हसून विचारलं, "आप जानते हैं इन्हें?"

हो म्हणायला काय लागत होतं? एक अक्षर. पण माझ्या डोळ्यांपुढे ऑफिस आलं, ती 'रिसर्च' आली, धान्याचा व्यवसाय आला.

"नहीं सर," मी म्हणालो. मग, जणू एवढं पुरेसं नव्हतं, आवाजात दया आणून पुढे म्हणालो, "उमर हो गई है बेचारी की. कुछ भी बोलती है."

मागे हशा पिकला. कोणीतरी म्हणालं, "ले मावशी, आ गे तोर साहेब!"

मला वाटलं, ती आता भांडेल. शिव्या देईल. देवाला घंटी वाजवून काहीतरी सांगेल. पण तिनं हातातलं हिरवं कापड आमच्या दोघांच्या मधे धरलं. कापडावरून दिसणारा तिचा चेहरा माझ्या ओळखीचा होता. वडील ओरडत असताना, आई रडत असताना लुगड्याच्या कडेनं डोकावलं की तो असाच दिसायचा. तिला काही ऐकू आलं नव्हतं.

पुढचे काही महिने मी स्वस्तात सुटायचे प्रयत्न केले. त्या इमारतीचा चौकीदार लिफ्टची तक्रार घेऊन आला, त्याच्याकडून कळलं की पोरं आता तिला 'साहेब की अम्मा' म्हणून हाका मारतात आणि पळतात. नळावर ती काही बोलू लागली की बाया म्हणतात, मावशी, तुझी उमर झाली. मी लिफ्ट दुरुस्त करून दिली. चौकीदाराच्या हातून एक चांगलं हिरवं लुगडं पाठवलं. ते परत आलं. चौकीदार म्हणाला, "साहब, बोलीं गलत घर में आ गया."

मी ते लुगडं कपाटात ठेवलं. बायकोनं विचारलं, कोणाचं? मग पहिल्यांदा तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "लुगडं कशाला पाठवता? पाय मोडलेत का?"

एका रविवारी गेलो. सकाळची उन्हं गॅलरीत आलेली, बाया दारोदार सुपं घेऊन बसलेल्या. मला त्यांनी ओळखलं. सुपं थांबली. मी मान खाली घालून मावशीच्या दारावर टकटक केली. एका तरुण मुलीनं दार उघडलं, कडेवर मूल. मी आत पाऊल टाकलं आणि थांबलो.

आमच्या माहितीपत्रकात या घराला 'प्रशस्त' म्हटलं आहे. ते वाक्य माझं आहे. त्या प्रशस्त खोलीच्या मधोमध दोरी होती आणि दोरीवर लुगडं. दारालगतच्या अर्ध्यात त्या मुलीचा संसार होता. लाभार्थ्यानं पोटभाडेकरू ठेवल्यास घर परत घेतलं जाईल, या नियमाची पाटी मीच घराघरात भिंतीवर ठोकायला दिली होती. ती ठोकलेली होती. तिच्या खिळ्याला दोरी बांधली होती.

"आप कौन?" मुलगी म्हणाली. "हम लोग मावशी के रिश्तेदार हैं. मेरी माँ उनकी बहन लगती हैं."

"हो," मी म्हणालो. "माहीत आहे."

लुगड्यापलीकडून खलबत्त्याचा आवाज येत होता. मी दार आतून लोटून घेतलं. गॅलरीतल्या बायांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात, लुगड्याजवळ तोंड नेऊन म्हणालो, "मावशी, मी आहे. माझं चुकलं."

खलबत्ता चालूच राहिला.

"मावशी, त्या दिवशी मी..."

मुलीला माझी कीव आली असावी. "भैया, परदे में से वो नहीं सुनतीं. बाहर जाके दरवाजा बजाना पड़ता है."

"मालूम है," मी म्हणालो.

मालूम होतं म्हणूनच तर दार लोटून घेतलं होतं. लुगड्याखालून मला तिचे पाय दिसत होते. सुजलेले, भेगाळलेले, आणि लुगड्याला अगदी लागून.  मग दार उघडलं, गॅलरीत आलो, चप्पल घातली. बाया सुपं मांडीवर ठेवून बघत होत्या. शेजारची दारं उघडली. माझ्यामागे दार बंद झालं. या दाराला एकच फळी होती. मी उजव्या बाजूला थाप मारली.

खलबत्ता थांबला.

"कोन व्हय?"

"पलीकडचा."

"जोरानं बोल. माझी उमर झाली न."

"पलीकडचा!" मी ओरडलो. गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी खुदकन हसलं.

"काय पाहिजे?"

"माफी मागायले आलो, मावशी."

"कोणत्या बोलीत मागून राहिला? तवा तं तू हिंदीत बोलला होता."

मी वळलो. सगळी गॅलरी उभी होती. जिन्यात पोरं, कठड्याला टेकलेले बाप्ये, सुपवाल्या बाया. आवाज निघाला तो माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

"मावशी सच बोल रही थी. मैं बूढापारा में इसी के आधे कमरे में बड़ा हुआ. मेरे पिताजी हमाल थे. मेरी बहन इसके हाथ से पैदा हुई. इसकी उमर का कुछ नहीं हुआ है, उस दिन झूठ मैं बोला था."

मग मी दाराकडे तोंड केलं आणि हात जोडून म्हणालो, "मावशी, माफ कर मले."

आतून आवाज आला, "ये न पोट्ट्या! किती दिवसानं आलास! घरचे बरे आहेत न?"